बीपीची गोळी रोज घ्यायचीच. पण जुलाब लागले त्या दिवशी?

रामबागकर, ५ जून, रात्री ९:४०

बाबांचं वय ७८. बीपी १८ वर्षांपासून. सकाळी चहाच्या आधी एक गोळी, आणि ती त्यांनी आजवर कधी चुकवलेली नाही. प्रवासात नाही, लग्नकार्यात नाही, आई गेली त्या सकाळीसुद्धा नाही. घरात कोणी औषधाचा कंटाळा केला की आम्ही बाबांचं उदाहरण द्यायचो.

यंदा नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते भर दुपारी इंदूरच्या रामबागेतून राजवाड्यापर्यंत पायी गेले आणि पायीच परत आले. रात्री पोट बिघडलं. उजाडेपर्यंत आठ-नऊ जुलाब झाले, दोनदा उलटी. त्यात गुडघा धरला होता म्हणून चार दिवसांपासून चौकातल्या मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू होती. सकाळी मी नेहमीसारखी बीपीची गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. दुसऱ्या दिवशीही ठेवली. ओआरएसची पाकिटं घरात होती. पण त्यावर मीठ लिहिलेलं वाचलं आणि बीपीच्या माणसाला हे कसं द्यायचं म्हणून परत डब्यात टाकली. साधं पाणी मात्र भरपूर पाजलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला आईच्या नावाने हाक मारली.

आदल्या संध्याकाळपासून लघवीच झालेली नव्हती, हे विचारलं तेव्हा कळलं. घरच्या मशीनवर बीपी ८८/५० आलं. मशीन बिघडलं असं वाटून मी तीनदा घेतलं. हॉस्पिटलात रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा, वाढला की बिघाड) ३.४, जे फेब्रुवारीत १.१ होतं. सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, फार खाली, १२१. चार दिवस सलाईन, बीपीची गोळी तात्पुरती बंद, दुखण्याची कायमची बंद. परवा घरी आणलं. क्रिएटिनिन १.४ वर उतरलंय. काल रात्री त्यांनी स्वतःहून मेतकूट-भात मागितला.

सोडताना तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी फाइलच्या पाठीवर पेनाने एक गोल काढला. डावीकडून एक नळी आत, उजवीकडून एक नळी बाहेर. दोन्ही नळ्यांवर एकेक फुली, आणि वर लिहिलं, 'पाणी कमी'. म्हणाल्या, "तीन गोष्टी एकदम झाल्या, आजोबांची चूक नाही." मला तेव्हा अर्धंच समजलं. तो कागद समोर ठेवूनच हे लिहिते आहे.

'गोळी चुकवू नका' हे १८ वर्षांत आम्ही शंभरदा ऐकलं. कोणत्या दिवशी घ्यायची नाही, हे एकदाही कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. इथे बरेच जण आईवडिलांच्या, सासू-सासऱ्यांच्या गोळ्या सांभाळतात. ही गोळी पोटात गेल्यावर नक्की करते काय, कोणी आणि कधी तिच्यापासून लांब राहायचं, हे जाणकारांनी नीट लिहावं अशी विनंती. डॉक्टरकाका, वाचत असाल तर जरूर लिहा.

पोहेजलेबी, ५ जून, रात्री १०:१५

ताई, वाचून पोटात गोळा आला. बाबांना नमस्कार सांगा. गोळी कोणती होती? माझ्या सासऱ्यांच्या गोळीच्या नावापुढे 'एएम' आहे. हे एएम म्हणजे काय, आजवर कधी विचारलंच नाही.

रामबागकर, ५ जून, रात्री १०:२२

टेल्मिसार्टन ४०, आणि नावापुढे 'एच'.

कडुनिंब, ६ जून, सकाळी ६:५०

रामबागकर ताई, बाबा घरी आले हे वाचून हायसं वाटलं. मी इंदूरमध्ये ३६ वर्षं फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस केली, आता थांबवली आहे. दर मे-जूनमध्ये असे पेशंट यायचेच. कधी गोंधळलेले, कधी न्हाणीघरात पडलेले, आणि घरच्यांच्या हातात औषधांची पिशवी. म्हणून सविस्तर लिहितो. कोणाचा डोस इथे सांगणार नाही. तो ज्यांनी नाडी धरली आहे त्यांनीच सांगायचा.

आपल्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून ७० किलोमीटर चढवून आणतात. तुमच्या नळाला जोर किती, हे तीन गोष्टींवर ठरतं: पंप किती जोरात चाललाय, लाइनीत पाणी किती आहे आणि वाटेतला व्हॉल्व्ह किती फिरवलाय. शरीरात पंप म्हणजे हृदय. पाणी म्हणजे रक्ताचं आकारमान, आणि ते बऱ्याच अंशी मिठावर ठरतं, कारण मीठ जिथे जातं तिथे पाणी त्याच्या मागे जातं. व्हॉल्व्ह म्हणजे बारीक धमन्या. त्यांच्या भिंतीत स्नायू असतात, ते आवळतात आणि सैल होतात. बीपीची कोणतीही गोळी घ्या, ती या तिघांपैकी कोणाला तरी धरते.

'एच' म्हणजे बहुतेक ब्रँडमध्ये हायड्रोक्लोरोथायझाइड. क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड ही त्याचीच भावंडं. ही मूत्रपिंडातून मीठ बाहेर काढतात, मागोमाग पाणी जातं, म्हणून यांना लघवीच्या गोळ्या म्हणतात. काही आठवड्यांनी लघवीचं प्रमाण जवळपास पूर्ववत होतं, तरी धमन्या सैल राहतात आणि बीपी उतरलेलंच राहतं. गोळी स्वस्त आहे, जुनी आहे आणि उत्तम आहे. पण सोडियम आणि पोटॅशियम खाली आणते, युरिक ॲसिड वर नेते. ज्यांच्या अंगठ्याला वातरक्ताची ठणक लागते त्यांनी, आणि ज्यांचं सोडियम पूर्वी कधी घसरलंय त्यांनी, ही शक्यतो टाळावी. वयस्कर, बारीक चणीच्या बायकांमध्ये सोडियम फार लवकर घसरतं. गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत सोडियम-पोटॅशियमची तपासणी मागून घ्या.

'एएम' म्हणजे अम्लोडिपिन. धमनीच्या स्नायूत कॅल्शियम शिरलं की तो आवळतो, ही गोळी कॅल्शियमची ती वाट अडवते. मूत्रपिंडाला त्रास देत नाही, रक्त तपासायची फारशी गरज पडत नाही. मुख्य तक्रार एकच, संध्याकाळी घोट्यांवर सूज. पुष्कळ लोक ती पाण्याची सूज समजून लघवीची गोळी मागतात. पण इथे अंगात पाणी वाढलेलं नसतं. धमनी सैल झाली, पुढची शीर तेवढी सैल झाली नाही, म्हणून मधल्या केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं. लघवीच्या गोळीने ते जात नाही. डोस कमी केला किंवा जोडीला सार्टन (टेल्मिसार्टनसारखी गोळी) दिलं तर उतरतं. मात्र पायांसोबत दम लागत असेल, किंवा एकच पाय सुजला असेल, तर गोळीवर ढकलू नका, दाखवा.

आता टेल्मिसार्टन. बीपी कमी झालं की मूत्रपिंड रेनिन सोडतं, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन-२ तयार होतं, आणि ते धमन्या आवळतं, मीठ धरून ठेवायला लावतं. नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेल्या गोळ्या ते तयारच होऊ देत नाहीत. 'सार्टन' असलेल्या गोळ्या ते जिथे जाऊन बसतं ती जागा अडवतात.

ताई, तुमच्या कागदावरचा गोल म्हणजे मूत्रपिंडातली चाळणी. प्रत्येक मूत्रपिंडात अशा सुमारे दहा लाख असतात. गाळायला दाब लागतो. आत येणारी नळी सैल आणि बाहेर जाणारी जरा आवळलेली, म्हणून मधे दाब टिकतो. बाहेरची नळी आवळून धरायचं काम अँजिओटेन्सिन-२ चं, आणि टेल्मिसार्टन ते सोडवतं. मधुमेहात या चाळणीवर मुळातच जास्त दाब असतो, लघवीतून प्रथिनं गळत असतात. तिथे हेच सोडवणं मूत्रपिंड वाचवतं. म्हणून त्या पेशंटांना ही गोळी मुद्दाम देतात, आणि ती घाबरून बंद करू नये.

आत येणारी नळी सैल ठेवतात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं. डायक्लोफेनॅक, एसीक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्या नेमकी तीच बंद पाडतात. गुडघ्याची सूज त्यानेच उतरते आणि मूत्रपिंडाची येणारी नळीही त्यानेच आवळते. बाबांच्या बाबतीत येणारी वाट आवळली, जाणारी सताड उघडी राहिली, आणि ऊन, जुलाब व 'एच' मिळून मुळात पाणीच आटलं. गाळायला दाब उरला नाही. लघवी थांबली ती यामुळे. एरवी जी गोळी मूत्रपिंड राखते, तीच अशा दिवशी त्याला कोरडं पाडते.

सोडियमचं वेगळं. जुलाबातून मीठ गेलं, 'एच'ने आणखी घालवलं, आणि भरून काढलं नुसत्या पाण्याने. रक्त पातळ झालं, मेंदूला सूज यायला लागली. तुम्हाला आईच्या नावाने हाक मारली ती त्या १२१ मुळे. जुलाबात बीपीच्या माणसालाही ओआरएस द्यायचंच. त्यातलं मीठ हे गेलेल्या मिठाची भरपाई असते. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अंदाजाने पेल्यात नाही. फक्त हृदयाचं पंपिंग कमी असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाच्या जुन्या रुग्णांनी किती प्यायचं ते विचारून घ्यावं.

मग गोळी कधी थांबवायची? उलटी-जुलाब चालू आहेत, तोंडाने काही टिकत नाही, तापाने अंग सुकलंय, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या दिवशीच डॉक्टरांना फोन करा आणि विचारा, "प्रिल किंवा सार्टन आणि लघवीची गोळी आज देऊ का?" बहुतेकदा उत्तर 'थांबवा' असंच येतं, आणि खाणंपिणं सुरळीत होऊन २४ ते ४८ तास झाले की पुन्हा सुरू. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांबद्दलही त्याच फोनवर विचारून घ्या. एवढे दोन दिवस बीपी जरा वर राहिलं तर काही बिघडत नाही. दोन दिवस लघवी थांबली तर बिघडतं.

रामबागकर, ६ जून, सकाळी ८:०५

काका, पहिल्यांदा तो कागद पूर्ण वाचता आला. बाबांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे गोळी वाईट नव्हती, दिवस वाईट होता."

पिपल्यापाला, ६ जून, सकाळी ११:३०

आमच्याकडची वेगळी कथा. आईला चार वर्षांपूर्वी रामिप्रिल सुरू झाली. दीड महिन्याने कोरडा खोकला. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात गवताची काडी टोचावी तशी खवखव. रात्री उठून बसायची. एक्स-रे झाला, थुंकी टीबीसाठी तपासून झाली, खोकल्याच्या चार बाटल्या झाल्या. शेजारच्या काकूंनी ज्येष्ठमधाच्या कांड्या दिल्या, त्या ती दिवसभर तोंडात ठेवायची. खोकला गेला नाही आणि बीपी उलट वाढून १७० वर गेलं. मग एका डॉक्टरांनी नुसती औषधांची यादी बघितली आणि रामिप्रिल बदलून लोसार्टन दिली. तीन आठवड्यांत खोकला बंद. आठ महिने त्या बाईने झोप गमावली. मला अजून वाईट वाटतं की यादी आधी कोणी बघितलीच नाही.

कडुनिंब, ६ जून, दुपारी १२:१०

तुमच्या आईचा खोकला औषधाच्या कामाचाच दुसरा भाग होता. प्रिल ज्या एन्झाइमला अडवते, तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य मोडत असतं. ते मोडलं गेलं नाही की साचतं आणि श्वासनलिकेला खाजवतं. सार्टन त्या एन्झाइमला हात लावत नाही, म्हणून खोकला क्वचितच होतो. खोकला थांबायला एक ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही.

याच द्रव्यामुळे काही थोड्या लोकांचे ओठ, जीभ, चेहरा अचानक सुजतो. ही सूज घशात उतरली तर श्वास कोंडतो. तसं झालं तर थेट इमर्जन्सीत जायचं, आणि त्या माणसाने पुन्हा आयुष्यात कोणतीही प्रिल घ्यायची नाही. हे फाइलीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा.

या गोळ्यांचं मूळ सापाच्या विषात आहे. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा साप आहे, तो चावला की माणसाचं बीपी कोसळतं. सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये त्या विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारा घटक दाखवला. त्या धाग्याने जात पुढे कॅप्टोप्रिल तयार झाली आणि १९८१ मध्ये बाजारात आली. आपल्याकडे सर्पगंधेवर काम झालं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेने बीपी उतरतं याचा निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. त्यातल्या रिसर्पिनने बीपी उतरतं हे खरं, पण काहींना त्याने खोल उदासी येते. झाडपाल्याचं आहे म्हणून आपल्या गोळीसोबत सर्पगंधा घेऊ नका. दोन्ही मिळून बीपी नको इतकं खाली जातं.

आणि ज्येष्ठमध! त्यातलं ग्लिसिरायझिन मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम घालवतं. आईचं बीपी १७० वर जाण्यात त्या कांड्यांचा हात असण्याची दाट शक्यता आहे. घसा बसला म्हणून एखाददुसरा दिवस ठीक. रोज दिवसभर नको, आणि 'एच' चालू असताना तर नकोच.

बडोदेकर_सयाजीगंज, ६ जून, दुपारी ४:४५

मी वडोदऱ्याहून लिहितेय, माहेर इंदूरचं. माझ्या धाकट्या बहिणीला २९ व्या वर्षीच बीपी निघालं. ओल्मेसार्टन सुरू झाली. तेव्हा लग्न ठरलेलं नव्हतं, म्हणून असेल कदाचित, पण मूल होण्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. पुढे लग्न झालं. पाळी चुकली, तिने घरीच तपासणी केली, आनंदात पेढे वाटले आणि गोळी तशीच चालू ठेवली. नाव नोंदवायला गेली तेव्हा अकरावा आठवडा होता. त्या डॉक्टरबाईंनी गोळीचं पाकीट बघून खुर्ची पुढे ओढली. त्याच मिनिटाला ती बंद करून लॅबेटॅलॉल दिली. नंतर प्रत्येक सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी आणि बाळाची मूत्रपिंडं मुद्दाम बघितली. भाची आता दोन वर्षांची आहे, ठणठणीत. पण ते सहा महिने आमच्या घरात कोणी मोकळा श्वास घेतला नाही.

कडुनिंब, ६ जून, संध्याकाळी ५:२०

भाचीला आशीर्वाद. हे प्रत्येक घरात माहीत हवं. प्रिल आणि सार्टन गरोदरपणात चालत नाहीत. चौथ्या महिन्यापासून पुढे धोका सर्वात मोठा. बाळाची मूत्रपिंडं काम करेनाशी होतात, गर्भजल आटतं. त्या काळासाठी लॅबेटॅलॉल, लांब असर असलेली निफेडिपिन आणि मिथाइलडोपा या वर्षानुवर्षं वापरलेल्या गोळ्या आहेत. मुलीला बीपी असेल तर दिवस राहण्याचा विचार सुरू करतानाच डॉक्टरांना सांगायचं, म्हणजे गोळी आधीच बदलता येते. आणि नकळत दिवस राहिले असतील तर त्याच दिवशी फोन. गोळी आपल्या मनाने नुसती सोडूनही चालत नाही, कारण वाढलेलं बीपीही बाळाला आणि आईला तितकंच घातक आहे. एक सोडून दुसरी घ्यायची असते.

सुदामानगर_सेक्टरडी, ६ जून, रात्री ८:३०

मला स्वतःला लहानपणापासून दमा आहे, अलीकडे बरीच वर्षं शांत होता. मागच्या वर्षी पुन्हा धाप लागायला लागली, चक्कर यायची, नाडी मोजली तर ४४. हृदयाच्या डॉक्टरांनी ॲटेनोलॉल दिली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदूसाठी थेंब दिले होते. एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं. थेंब हेही औषध आहे आणि ते सांगायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शेवटी थेंबांच्या बाटलीवर नाव निघालं टिमोलॉल. दोन्ही बदलल्यावर आठ दिवसांत नाडी ६६.

कडुनिंब, ६ जून, रात्री ९:००

ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, टिमोलॉल. शेवटी 'लॉल' आलं की समजायचं, ही पंपाचा वेग कमी करणारी मंडळी. ॲड्रेनलिन जिथे जाऊन हृदयाला पळवतं ती जागा ही अडवतात. प्रोप्रॅनोलॉल ज्यांनी शोधली त्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. पण तशीच जागा श्वासनलिकेतही असते, आणि ती अडली की नळ्या आकसतात. टिमोलॉलचा थेंब डोळ्यातून नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो. दमा असेल, नाडी मुळात मंद असेल, हृदयातला विजेचा मार्ग अडलेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. व्हेरापॅमिल किंवा डिल्टियाझेम या नाडी मंद करणाऱ्या गोळ्या चालू असतील तरीही. मधुमेहात साखर एकदम उतरली की जी धडधड आणि थरथर होते, ती या गोळीने लपते. घाम मात्र येतो. अशा पेशंटने घाम फुटला की साखर तपासावी.

आणि ही गोळी एका दिवसात बंद करायची नाही. अडवलेल्या जागा मोकळ्या झाल्या की हृदय दुप्पट जोराने पळतं, छातीत दुखू शकतं. एक-दोन आठवड्यांत पायरी-पायरीने उतरवतात. क्लोनिडिन या बीपीच्या दुसऱ्या गोळीचंही तसंच, तिथे तर बीपी उसळून पूर्वीपेक्षा वर जातं.

स्नेहलतागंज, ७ जून, सकाळी १०:१०

धागा वाचून एक भीती वाटते. लोक घाबरून गोळ्या सोडतील. आमच्या ह्यांचं बीपी १२४/७८ यायला लागलं, तेव्हा 'आता बरं झालं' म्हणून दिवाळीत गोळी बंद केली. काहीच त्रास नव्हता. डिसेंबरात सकाळी दाढी करताना उजव्या हातातून ब्रश गळून पडला आणि तोंड वाकडं झालं. अजून सही डाव्या हाताने करतात. १२४ हा आकडा गोळीने आणलेला होता, हे आम्हाला कोणी इतक्या साध्या शब्दांत सांगितलं असतं तर!

कडुनिंब, ७ जून, सकाळी १०:४०

ताई, तुम्ही हे लिहिलंत ते फार आवश्यक होतं. माझ्या ३६ वर्षांत गोळी घेतल्याने आलेल्यांपेक्षा गोळी सोडल्याने आलेले पेशंट कितीतरी जास्त. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, म्हणून बीपी नाही असं नसतं. मी वर सांगितलं ते दोन-तीन दिवसांचं थांबणं आहे, डॉक्टरांना विचारून, आणि परत सुरू करायच्या तारखेसकट.

अजून एक राहिलं. बीपी २०० दिसलं की पूर्वी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकायचे, मीही सुरुवातीच्या काळात टाकलेली आहे. त्याने बीपी इतकं एकदम कोसळतं की मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो. ते करू नका, शेजाऱ्यांना करू देऊ नका. आकडा मोठा आहे पण त्रास काही नाही, तर पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पुन्हा मोजा, डॉक्टरांना कळवा. छातीत दुखतंय, बोलणं अडखळतंय, हात-पाय लुळा पडतोय, तर गोळी शोधत बसू नका, गाडी काढा.

पोहेजलेबी, ७ जून, दुपारी १:३०

सासऱ्यांचं पथ्य म्हणून मी भाजीत 'लो सोडियम' मीठ वापरायला लागले आहे. शेव मात्र सुटत नाही. पोह्यांवर शेव आणि वरून जीरावण (खारट इंदुरी मसाला), त्याशिवाय सकाळ होत नाही त्यांची. त्यांच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन दोन्ही आहेत. हे मीठ चालेल ना?

कडुनिंब, ७ जून, दुपारी २:१५

त्या मिठात सोडियमच्या जागी बराचसा पोटॅशियम क्लोराइड असतो. मूत्रपिंड चांगलं असलेल्याला तो फायद्याचाच. पण टेल्मिसार्टन पोटॅशियम अंगात धरून ठेवते. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, किंवा जोडीला स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम धरून ठेवणारी लघवीची गोळी) असेल, तर पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडतात, कधी बंदही पडतात. आधी क्रिएटिनिन-पोटॅशियमची तपासणी करा, मग डॉक्टरांना विचारून ते मीठ वापरा. रोज दोन-दोन शहाळी पिणाऱ्यांनाही हेच.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचा. शेव आणि जीरावण मिळून सकाळीच त्यातला मोठा वाटा संपतो. पोहे बंद करू नका हो, इंदूरच्या माणसाचे पोहे कसे बंद करणार. पोह्यांत मीठ न घालता वर चिमूटभर शेव घाला, लिंबू सढळ हाताने पिळा.

मालवामिल_मेडिकल, ७ जून, रात्री ११:०५

दुकान बंद करून आत्ता पूर्ण धागा वाचला. माझं स्वतःचं मेडिकल आहे, २२ वर्षं झाली. रोज दहा-बारा लोक येऊन "भैया, घुटने की गोली दे दो" म्हणतात, आणि मी देतो. रामबागकर ताईंच्या चौकातलं दुकान माझं नाही. पण माझंही असू शकलं असतं. उद्यापासून काउंटरवर आधी विचारीन, 'बीपीची गोळी चालू आहे का?' चालू असेल तर पॅरासिटामॉल देऊन डॉक्टरांकडे पाठवीन. सर्दीच्या गोळ्यांतही फेनिलेफ्रिन असतं, त्याने बीपी चढतं, तेही विचारीन.

एक माझ्या कामातलं सांगतो. लोक आठवड्याच्या गोळ्या सोलून त्या सात खणांच्या डबीत भरतात. टेल्मिसार्टन सोलून ठेवायची नसते. ती हवेतली ओल शोषते आणि खराब होते. आता पाऊस येईलच. घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढा. डबीत ठेवायचीच असेल तर कात्रीने पाकिटाचा तो चौकोन कापून, गोळी न फोडता ठेवा. माझ्या आईला मी तशाच कापून देतो.

रामबागकर, ११ जून, सकाळी ९:२०

काल बाबांना दाखवून आणलं. क्रिएटिनिन १.२, सोडियम १३६. 'एच' कायमची गेली. सध्या फक्त अम्लोडिपिन, छोटा डोस. टेल्मिसार्टन परत द्यायची की नाही ते महिन्याने लघवीतली प्रथिनं बघून ठरवतील. या वेळी मी विचारलं, "जुलाब लागले तर काय करू?" डॉक्टरांनी फाइलवर दोन ओळी लिहून दिल्या, खाली फोन नंबर. त्याची मी झेरॉक्स काढली आणि गोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली. दुखण्याच्या गोळीचं उरलेलं अर्धं पाकीटही डॉक्टरांना दाखवलं, आणि येताना मालवा मिलला जाऊन दादांच्या दुकानात देऊन आले. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

कडुनिंब काकांनी मला व्यक्तिगत निरोपात सांगितल्याप्रमाणे आता बीपी आधी बसून आणि मग उभं राहून मिनिटभराने, असं दोनदा घेतो. वरचा आकडा उभं राहिल्यावर २० ने घसरला तर कळवायचं. आज बाबांनी वहीत स्वतः लिहिलं: बसून १३८/७४, उभं १३०/७२. मग चपला घालून निघत होते, ऊन उतरल्यावर जायचं असं ठरलंय याची आठवण करून दिली. आता ओट्यावर बसून पेपर वाचताहेत.